कांडी भरून बसलीय

सोलापूरच्या माणसाला वाट बघायला शिकवावं लागत नाही. आमच्याकडे नळाला पाणी रोज येण्याची पद्धत नाही. चार दिवसांआड, पाच दिवसांआड, कधी भर दुपारी, तर कधी पहाटे अडीचला. नेमकं कधी येणार हे कुणी सांगू शकत नाही, पण आलं की गल्लीभर कळतं. एका घरातली मोटर घुरघुरायला लागते, शेजारची तिला सूर देते, दिवे मिणमिणतात, आणि हंड्यापासून तांब्यापर्यंत घरातलं प्रत्येक भांडं रांगेत येऊन उभं राहतं. अशा गावात राहून एक प्रिंटर वरच्या आणि खालच्या मजल्यानं मिळून वापरायचा, यात अवघड ते काय? वाटून घेण्यातच आमची हयात गेलेली. लहानपणी आमच्या वाड्यात फोन एकच होता आणि त्याचा नंबर अकरा बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर ‘पी.पी.’ म्हणून छापलेला असे. फोन वाजला की मालकीणबाई खिडकीतून नाव पुकारायच्या आणि ज्याचा फोन तो धोतर सावरत धावायचा. पासवर्ड वगैरे काही नव्हतं.

प्रिंटर घ्यायचं कारण कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला. माणूस सज्जन, दरही रास्त, पण हातात आलेला प्रत्येक कागद तो वाचतो. माझ्या पेन्शनची स्लिप देताना म्हणाला, “सर, महागाई भत्ता वाढला की वो!” धाकट्या भावाच्या रक्ताच्या तपासणीचा कागद काढताना त्यानं चहात साखर कमी करायला सांगितलं. आमची ही शाळांच्या गणवेशांच्या ऑर्डरी घेते. सोलापुरात चादरीबरोबर आता गणवेशाचाही धंदा आहे. तिच्या चलनांवरचे दर दोन दिवसांत समोरच्या बाईंना कळू लागले, तेव्हा मात्र घरात ठराव झाला. खाली हिची चलनं, वर हिच्या धाकट्या जावेच्या शिकवणीचे गणिताचे कागद, पुतण्याचे कॉलेजचे प्रोजेक्ट, आणि माझं किरकोळ. घरातलं घरातच छापायचं. एकच प्रिंटर, खर्च निम्मा-निम्मा.

चिरंजीव पुण्यात असतात. (सोलापूरच्या घरातलं एक तरी माणूस पुण्यात असतंच, जनगणनेत त्यांना कुठं मोजतात देव जाणे.) ते शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं आले. रविवारी सकाळी ही सोलापूरचंच दाते पंचांग उघडून राहुकाळ कधी ते पाहून आली आणि मग खोकं फोडलं. तेव्हाच माझ्या मनात येऊन गेलं, की या गावातून शंभरावर वर्षं पंचांग छापून उभ्या महाराष्ट्रात जातंय; आपल्याला तर एक पान फक्त सोळा पायऱ्या वर न्यायचंय.

सुरुवात झकास झाली. प्रिंटरची वायर माझ्या संगणकाला जोडली, चाचणीचं पान छापलं, आणि ते इतकं देखणं आलं की मी ते फोल्डरमध्ये ठेवून दिलं. मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका मी सायक्लोस्टाइलवर काढलेल्या आहेत. स्टेन्सिल कापताना एक अक्षर चुकलं की लाल औषध लावून वाळेपर्यंत फुंकर मारायची, मग दांडा फिरवायचा, आणि घरी आल्यावर नाकापासून कोपरापर्यंत शाई. त्या मानानं हे म्हणजे अंबारीत बसून जाणं. पडद्यावर ‘हा प्रिंटर शेअर करा’ असं वाक्य होतं आणि त्याच्यापुढं एक चौकोन. चौकोनात बरोबरची खूण केली. वडिलांनी घराची वाटणी केली तेव्हा याच्यापेक्षा कितीतरी जास्त कागद लागले होते.

चिरंजीव दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत गेले. त्यांची गाडी कुर्डुवाडी गाठायच्या आत पहिली हाक आली. वरून भाऊ ओरडला, “दादा, तुझा प्रिंटर दिसंना की हितं!”

दिसणार कसा? चूक माझीच होती. ते जोडताना संगणकानं मध्येच एक प्रश्न विचारला होता, की हे नेटवर्क खासगी आहे की सार्वजनिक? चिरंजीव तेव्हा आंघोळीला गेलेले. मी भूगोलाबरोबर नागरिकशास्त्रही शिकवलेलं असल्यामुळं क्षणाचाही विलंब न लावता ‘सार्वजनिक’वर टिचकी मारली. सगळ्यांनी वापरायचा म्हणजे सार्वजनिकच! आपल्याकडे सार्वजनिक म्हणजे सगळ्यांचं. सार्वजनिक गणपती, सार्वजनिक वाचनालय. संगणकाच्या कोशात मात्र सार्वजनिक म्हणजे एस.टी. स्टँड, तिथं खिसा सांभाळायचा, ओळख द्यायची नाही, कुणी विचारलं तर आपण इथं नाहीच असं दाखवायचं. माझा संगणक त्या शब्दाला जागून वरच्या मजल्यासमोर तोंड लपवून बसला होता. फोनवरून चिरंजीवांनी ‘खासगी’ करायला लावलं. म्हणजे सगळ्यांना द्यायचं तर आधी खासगी म्हणायचं. मराठी शाळेच्या मास्तरला हा धक्का पचवायला अर्धा दिवस लागला.

दुपारी भाऊ स्वतः खाली आला. “दिसला दादा. पण तो नाव आणि पासवर्ड मागालाय.”

“कुणाचा?”

“तुझा.”

“माझ्या संगणकाला पासवर्डच नाही.”

भाऊ नुसता बघत राहिला. वडिलांच्या वेळेपासून कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, ही गोष्ट त्या नजरेत होती. तो वर गेला, आणि थोड्या वेळानं वरच्या मजल्यावर भांडी जरा जास्तच आवाज करत घासली जाऊ लागली. संध्याकाळी धाकटी जाऊ हिला म्हणाली, “असू द्या हो वहिनी. आम्ही आपलं झेरॉक्सवाल्याकडूनच काढू.” या ‘आपलं’ शब्दात काय काय भरता येतं ते ज्यांच्या घरात दोन मजले आहेत त्यांना सांगायला नको.

आता यात माझा काय अपराध? संगणकाची अट अशी निघाली, की ज्याच्या खात्याला पासवर्ड नाही त्याच्या दारातून नेटवर्कवरून कुणालाही आत घ्यायचं नाही. कुलूप नसलेलं दार त्याच्या मते दारच नव्हे, भिंत. म्हणजे मी काही लपवत नाही हे सिद्ध करण्यासाठी मला आधी लपवण्यासारखं काहीतरी तयार करावं लागलं. मी पासवर्ड ठेवला, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि सगळ्यांसमक्ष भावाच्या हातात दिला. तो म्हणाला, “आधीच दिला असतास तर?” मी गप्प बसलो. थोरल्या भावानं कुठं गप्प बसायचं हे मला कळतं.

विंडोजमध्ये एके काळी यासाठी एक सोय होती म्हणे. २००९ साली विंडोज ७ आलं तेव्हा ‘होमग्रुप’ नावाचं काहीतरी निघालं. घरातल्या सगळ्या संगणकांना मिळून एकच पासवर्ड. तो एकदा दिला की फोटो, गाणी, प्रिंटर, सगळं एका चुलीवर. २०१८ साली ते काढून टाकलं. एकत्र कुटुंब नऊ वर्षं टिकलं. आमच्या गल्लीतली काही त्याहून कमी टिकली आहेत, त्यामुळं यावर मी जास्त बोलत नाही.

पासवर्डाचा गुंता सुटला तेव्हा पुढचा आला. प्रिंटर माझ्या संगणकाला बांधलेला, म्हणून वर कुणाला काही छापायचं असेल तर खाली माझा संगणक जागा पाहिजे. आणि तो माझ्यावर गेलेला. वीस मिनिटं कुणी हात लावला नाही की डुलकी घेतो. रात्री साडेनऊला धाकटीला दुसऱ्या दिवशीच्या शिकवणीचे कागद आठवायचे आणि जिन्यातून पुतण्याची हाक यायची, “काका, जागे व्हा की!” मी जागाच असायचो, हाक संगणकाला असायची. पण उठून उंदीर हलवायला जावं मलाच लागे. तीन रात्री असं झाल्यावर हिनं विचारलं, “तुम्ही रिटायर झालात ना?”

शेवटी दोन्ही घरांची बैठक होऊन प्रिंटर जिन्याच्या वळणावर ठेवायचा ठरला. आठ पायऱ्या खाली, आठ वर. तिथं पूर्वी आईचं पितळी घंगाळ होतं. माझ्या संगणकापासून वायर पोचेना म्हणून चिरंजीवांनी पुण्यात बसून, माझ्या पडद्यात शिरून, प्रिंटर वायफायवर नेला. वरचे लॅपटॉप मात्र आपलं काम पूर्वीसारखं माझ्या संगणकामार्फतच पाठवत राहिले. ती व्यवस्था मोडायची पुन्हा कुणाची छाती झाली नाही. संगणकाची डुलकी तेवढी कायमची बंद केली.

जिन्यातला प्रिंटर ही काही आमचीच अडचण नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमाराला असाच एक मोठा लेझर प्रिंटर आला. प्रिंटर एका मजल्यावर, माणसं दुसऱ्या मजल्यांवर. मध्येच कागद अडकायचा आणि बाकीच्यांना पत्ता नसायचा. कुणीतरी तासाभरानं जिन्यानं जावं, तर काम तसंच पडलेलं. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तरुणाला वाटलं, अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सुधारणा आपणच करू. त्यासाठी प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम मागितला तर तो मिळाला नाही. ही सल त्याच्या मनात इतकी राहिली की १९८३ साली त्यानं कुणालाही उघडून बघता येतील अशा मुक्त प्रोग्रॅमांची चळवळच जाहीर केली. जिने चढून-उतरून माणसाच्या हातून काय काय घडतं! मी एवढंच केलं, की जिन्यात एक बल्ब लावला.

बरं, मुळात संगणक एकमेकांना वायरनं जोडायची ती प्रसिद्ध युक्ती, ईथरनेट, ती तरी कुठून आली? कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीची पार्क म्हणून प्रयोगशाळा होती. तिथं गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ मध्ये लेझर प्रिंटर चालवून दाखवला. प्रिंटर एक, संगणक अनेक. मग सगळ्यांचं काम त्या एकाकडे न्यायचं कसं, या विवंचनेतून १९७३ मध्ये ईथरनेट जन्माला आलं. मी हे वाचून भावाला सांगितलं, की आधी प्रिंटर वाटून घ्यायची निकड आली आणि त्यापायी नेटवर्क निघालं. तो म्हणाला, “म्हंजे पन्नास वर्षं झाली आणि अजून जमंना?”

दीड दिवस जमलं होतं. दीड दिवसाच्या गणपतीसारखं, वाजतगाजत. हिची चलनं, धाकटीचे लसावि-मसावि, पुतण्याचं मुखपृष्ठ, सगळं जिन्यात येऊन पडत होतं. फक्त एक लक्षात आलं. झेरॉक्सवाला एकटा वाचायचा. आता ट्रेमधून दुसऱ्याचा कागद उचलून देताना घरातलं प्रत्येक माणूस वाचू लागलं. हिच्या चलनावरचे दर धाकटीला कळले. पुतण्यानं पुण्याच्या कंपन्यांना अर्ज करायला घेतलेत हे त्याच्या बापाच्या आधी मला कळलं. आणि मी गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च विचारून ठेवलाय हे सगळ्यांना कळलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी लाइट गेली. तासाभरानं आली, आणि प्रिंटरच्या नावापुढं एकच शब्द उमटला: ऑफलाइन. जिन्यात जाऊन पाहिलं तर स्वारी दिवा लावून शांत बसलेली. मी समोर उभा, तो समोर उभा, आणि संगणक म्हणतोय की तो घरी नाही.

चिरंजीवांनी फोनवर समजावलं ते असं. घरातल्या राउटरच्या हाताखाली जेवढी यंत्रं, तेवढ्यांना तो एकेक आकडा देतो. १९२.१६८ पासून सुरू होणारे हे आकडे फक्त घरातल्या घरात चालतात, बाहेर त्यांना कुणी विचारत नाही. कार्यालयात लग्नाला खोल्या देतात तसं, जो आधी येईल त्याला पुढची खोली. आमचा प्रिंटर सात नंबरच्या खोलीत होता आणि माझा संगणक रोज सात नंबरचं दार वाजवत होता. लाइट गेली, सगळे वऱ्हाडी बाहेर पडले, राउटर वहीच विसरला, आणि लाइट आल्यावर धावत येऊन सात नंबर पटकावला पुतण्याच्या मोबाइलनं. प्रिंटर उठून, अंग झाडून, जुळवाजुळव करून पोचेपर्यंत त्याला बारा नंबर मिळाला. माझा संगणक अजून सातचं दार ठोठावतोय, आणि आत तो मोबाइल पडल्या पडल्या रील बघतोय.

“मग काय करायचं?” मी विचारलं.

“बाबा, मी सगळं नीट पायरी-पायरीनं लिहून पाठवतो. नऊ पानं आहेत. शांतपणे वाचा आणि तसंच करा.”

पाठवलं. पडद्यावर वाचून माझ्या डोक्यात काही शिरत नाही. कागद हातात पाहिजे, पेन्सिलीनं खुणा करता आल्या पाहिजेत. मी नेहमीसारखं प्रिंटचं बटण दाबलं आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो.

बुधवारी मी नाद सोडला. पण घरातली माणसं सोडेनात. पान आलं नाही की पुन्हा दाबायचं, मग आणखी एकदा दाबायचं; बस येत नाही म्हणून रस्त्याकडे वाकून बघण्यातलाच हा प्रकार. पडद्याच्या कोपऱ्यात मला रांग दिसत होती. सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, त्यांचा क्रम आणि मान ठरलेला. इथंही जो आधी आला त्याचा मान पहिला, पण मिरवणूक वाड्यातून बाहेरच पडत नव्हती.

गुरुवारी शेजारचे मामा नातीला घेऊन आले. घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, दुकानात कानडी. गिरणीत जॉबर होते. गिरणी बंद पडल्यावर घरीच चादरीचे दोन माग टाकले. त्यांना नातीचा बायोडाटा छापायचा होता आणि तो झेरॉक्सवाल्याकडे न्यायचा नव्हता. मी म्हटलं, “मामा, रांगेत लावून ठेवतो, पण यंत्र रुसलंय.” ते खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. तिथं ‘प्रिंट स्पूलर’ असं लिहिलेलं होतं. नातीकडून त्यांनी ते वाचून घेतलं आणि एकदम हसले.

“स्पूल म्हंजे कांडी की वो, सर!”

मी थबकलो. शब्द तोच होता. सुताची कांडी भरून ठेवायची, मग धोटा ती घेऊन इकडून तिकडे पळतो आणि कापड विणलं जातं. संगणकातही छापायचं काम आधी असंच गुंडाळून ठेवतात आणि प्रिंटर रिकामा होईल तसं सोडतात. मामांनी जिन्यात जाऊन प्रिंटरवर हात ठेवला, तापलाय का पाहिलं, कागद बोटांत धरून त्याचा ताण पाहिला. “कांडी भरून बसलीय सर, आणि माग हुभा हाय. मधल्या मधी धोटाच चालंना. कांडीचं बी काय न्हाई, मागाचं बी काय न्हाई.”

पुण्याहून फोनवर पाऊण तास जे ऐकलं होतं ते या तीन वाक्यांत आलं. आणि यात नवल कसलं? चादरीवर मोर काढायचा तर मागावरच्या जकार्ड यंत्रावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढवतात. भोक असेल तिथं सूत उचललं जातं, नसेल तिथं नाही. फ्रान्समधल्या जकार्डनं १८०४ साली ही युक्ती पक्की केली. पुढं त्याचंच एक चित्र रेशमात विणलं, त्याला असे चोवीस हजार पुठ्ठे लागले, आणि ते चित्र चार्ल्स बॅबेजनं मिळवून घरात लावलं होतं. त्याच्या गणनयंत्राला हुकूम द्यायची कल्पना या पुठ्ठ्यांवरूनच आली. मामांच्या ओसरीवर संगणकाचा आजोबा खडाखडा चालतोय आणि मी माझ्या खोलीत नातवापुढं हात जोडून बसलोय. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, “ते खरं. पन आमचा माग आपला पत्ता बदलत न्हाई.”

शुक्रवार उलटून शनिवारची पहाट. पाण्याचा पाचवा दिवस. अडीचला समोरची मोटर घुरघुरली, मग आमची. वरून भाऊ टॉर्च घेऊन धावला, हिनं पाइप टाकीत सोडला. चार घरांच्या मोटरी एकदम लागल्या आणि दिवे असे दबले, की राउटरचे सगळे ठिपके विझले आणि पुन्हा एकेक करून पेटले. पुतण्याचा मोबाइल चार्जिंग संपून उशाशी मेलेला होता.

मी बादली घेऊन जिन्यात होतो. शेजारी काहीतरी खाकरलं. मग घरघर, मग कागद ओढल्याचा आवाज, आणि चार दिवसांनी पहिलं पान बाहेर आलं. आधी आलेल्याचा मान पहिला. मी बादली खाली ठेवून बल्बखाली धरलं. ‘बाबा, पायरी १: काहीही करण्याआधी राउटर आणि प्रिंटर एक मिनिट बंद करून पुन्हा चालू करा.’

नऊच्या नऊ पानं आली. मागोमाग लसावि-मसावि, तेच पुन्हा, तेच तिसऱ्यांदा. गणवेशाची मापं. पुतण्याचा अर्ज, आणि बंगळूरचा अर्ज, जो मलाही माहीत नव्हता. माझी चाचणीची सात पानं. ट्रे भरला, पानं पायऱ्यांवर ओघळायला लागली. वर टाकी वाजत होती, खाली प्रिंटर. ओली पावलं पडत होती म्हणून मी पानं वेचून लेंग्याच्या नाड्यात खोवत होतो.

“भरलं का?” हिनं खालून ओरडून विचारलं.

“कुठलं?”

तेवढ्यात मामांच्या नातीचा बायोडाटा यायला लागला. नाव आलं, जन्मवेळ आली, शिक्षण आलं, उंचीच्या ओळीपाशी प्रिंटर थांबला आणि त्यानं लाल दिवा लावला.

शाई संपली होती.